कोपऱ्यात बसून लिहून घेणारे

रविवारी सकाळी उपासना सुरू होते तेव्हा मी उजवीकडच्या चौथ्या बाकावर, खांबाच्या कडेला बसलेली असते. पिशवीत बायबल, उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक आणि एक स्पायरलची वही. गीत झालं, शास्त्रपाठ झाला, पाळकसाहेब व्यासपीठाशी येऊन उभे राहिले की मी वहीचं पान उलटते आणि पेन्सिल हातात घेते. गेली चौतीस वर्षं हे चाललं आहे. शेजारच्या बाकावरच्या मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन गेल्या, त्यांच्या मुली आता मला विचारतात, "आजी, ही कुठली भाषा?"

ती मराठीच. मी सरकारी कचेरीत लघुलेखिका होते. साहेब बोलायचे, मी रेघा ओढायचे. जाड रेघ म्हणजे एक व्यंजन, तीच बारीक ओढली की दुसरं. स्वरासाठी ठिपका, तो कुठं द्यायचा यावर अर्थ फिरतो. मिनिटाला 120 शब्दांची परीक्षा मी पास झाले तेव्हा आमच्या नगरच्या घरी वडिलांनी पेढे वाटले होते. हाताला ही सवय लागली की कान आणि बोटं यांच्यामध्ये काही उरत नाही. पुढं एका रविवारी पाळकसाहेबांचा संदेश ऐकताना माझी बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली. पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेले.

त्या पाळकसाहेबांची सगळी वर्षं माझ्या वह्यांत आहेत. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं विचारलं, पप्पांचे संदेश मिळतील का? मी उन्हाळाभर बसून चाळीस संदेश टाइप केले, बाइंडिंग करून दिले. आठवड्यानं तिचा फोन आला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, शब्द सगळे त्यांचेच आहेत. पण पप्पा सापडत नाहीत यात."

मला ते लागलं, कारण ते खरं होतं. चूक कुठं झाली तेही मला लगेच कळलं. कचेरीत डिक्टेशन घेताना फोन वाजला, शिपाई आत आला, साहेब खोकले, यातलं काही लिहायचं नसतं. त्याच सवयीनं मी देवळातही फक्त व्यासपीठाकडून येणारे शब्द घेतले होते. मागच्या बाकावर एक शेतकरी आजोबा बसायचे. मुद्दा पटला की "व्हय, व्हय" म्हणायचे, अगदी मोठ्यानं. पाळकसाहेब त्या "व्हय"ची वाट पाहायचे. ते आलं नाही तर तोच मुद्दा दुसऱ्या दाखल्यानं पुन्हा सांगायचे. बायकांच्या बाजूला कुणी डोळ्याला पदर लावला तर त्यांचा आवाज खाली यायचा. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि वहीत एक रेघही त्यासाठी ओढली नव्हती. चाळीस संदेशांत एकही "व्हय" नाही.

त्यानंतर मी माझ्या आधी हे काम कुणी कुणी केलं ते शोधत गेले. ख्रिस्ती उपदेशाचा इतिहास म्हटलं की मोठमोठ्या उपदेशकांची नावं येतात. पण तो प्रत्येक उपदेश आपल्यापर्यंत आला तो कुणीतरी कोपऱ्यात बसून लिहून घेतला म्हणून. मला त्या कोपऱ्याचा इतिहास हवा होता.

सुरुवात लूककडेच सापडली. त्याच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय मी लहानपणापासून ऐकलेला, पण एका लघुलेखिकेच्या नजरेनं कधी वाचला नव्हता. नासरेथच्या सभास्थानात येशू उभा राहतो, यशयाच्या ग्रंथपटातला उतारा वाचतो, ग्रंथपट गुंडाळून सेवकाच्या हातात देतो आणि खाली बसतो. तेव्हा बसून शिकवायची रीत होती. सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळलेली. आणि मग प्रवचन म्हणावं असं एकच वाक्य येतं: हा शास्त्रलेख आज तुमच्या कानी पडत असताना पूर्ण झाला आहे. त्याच्या पुढचं सगळं बोलणं म्हणजे ऐकणाऱ्यांना दिलेलं उत्तर. हा योसेफाचाच मुलगा ना, असं ते आपसात म्हणतात, आश्चर्य करतात, मग संतापतात, आणि शेवटी त्याला ढकलून द्यायला डोंगराच्या कड्यापर्यंत नेतात. लूकनं ऐकणाऱ्यांचे डोळे लिहिले, कुजबुज लिहिली, राग लिहिला.

प्रेषितांच्या कृत्यांतही त्यानं तेच केलं. त्रोवस गावी माडीवरच्या खोलीत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खोलीत पुष्कळ दिवे होते. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता, त्याला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. सगळ्यांना वाटलं, गेला. पौलानं खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत निघाला, मग पौल वर येऊन पहाटेपर्यंत बोलला. त्या रात्रीच्या पौलाच्या उपदेशाचं एक अक्षर आपल्याकडं नाही. झोपी गेलेल्या मुलाचं नाव मात्र आहे, आणि दिवे पुष्कळ होते हेही आहे.

तिसऱ्या शतकात ओरिगेन नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. युसेबियस हा इतिहासकार सांगतो की ग्रंथ सांगताना ओरिगेनच्या दिमतीला सातहून जास्त लघुलेखक असत, ते ठरावीक वेळानं पाळी बदलत. तेवढेच नकलाकार, शिवाय सुंदर हस्ताक्षराच्या मुली. मुली! हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मांडीवर ठेवून कितीतरी वेळ नुसती बसले. त्यांच्यापैकी एकीचंही नाव त्यानं दिलेलं नाही. पण मंडळीपुढं केलेलं प्रवचन लिहून घ्यायला मात्र ओरिगेननं साठी उलटेपर्यंत परवानगी दिली नव्हती. मला हे समजू शकतं. सांगून लिहवलेला ग्रंथ नीट करता येतो. माणसांसमोर निघून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

त्याच्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी रोमन साम्राज्यातल्या अंत्युखिया शहरात योहान नावाचा उपदेशक होता. पुढं त्याला क्रिसोस्तोम, म्हणजे सोनमुखी, हे नाव पडलं. 387 साली नव्या करामुळं शहरात दंगल झाली आणि लोकांनी बादशहाचे पुतळे पाडले. आता शहर जाळतात की कत्तल करतात, या भीतीनं सगळं अंत्युखिया गोठून गेलं. म्हातारे बिशप फ्लाव्हियन क्षमा मागायला राजधानीकडं निघाले आणि मागं उरलेल्या माणसांशी योहान उपवासकाळभर बोलत राहिला. ही प्रवचनं आजही वाचता येतात, आणि त्यांत त्या माणसांची भीती अजून ओली आहे.

पण मला योहान आवडतो तो दिव्याच्या गोष्टीमुळं. एकदा संध्याकाळी तो उत्पत्तीच्या पुस्तकावर बोलत होता. देवळातला माणूस दिवे लावायला आला आणि सगळ्या माना तिकडं वळल्या. योहान तिथल्या तिथं रागावला: मी तुमच्यापुढं शास्त्र उलगडतोय आणि तुम्ही माझ्यावरची नजर काढून दिवे लावणाऱ्याकडं बघताय! लिहिणाऱ्यानं हे गाळलं नाही. म्हणून सोळाशे वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ, तो दिवे लावणारा, वळलेल्या माना, सगळं शिल्लक आहे. त्या काळी आवडलेल्या वाक्याला देवळात टाळ्या पडत. योहानला ते खुपायचं. इथं टाळ्या नकोत, शांतपणे ऐकायचं असा आपण नियमच करू, असं त्यानं एका प्रवचनात सांगितलं, आणि त्यावरही टाळ्या पडल्या.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरात ऑगस्टीन बिशप होता. तिथं तो बसून बोलायचा आणि लोक उभे. (समुद्रापलीकडच्या काही मंडळ्यांत ऐकणाऱ्यांना बसू देतात, ते जास्त बरं, असं त्यानंच एका ठिकाणी लिहून ठेवलंय. उभ्यानं ऐकणाऱ्याच्या पायांचा विचार करणारा उपदेशक मला फार जवळचा वाटतो.) तो मूळचा वक्तृत्वाचा शिक्षक, लॅटिनवर विलक्षण हुकमत असलेला. पण हाडाला लॅटिनमध्ये जो शुद्ध शब्द आहे, तो आफ्रिकेतल्या कानांना तोंड या शब्दासारखा ऐकू येई. म्हणून तो बाजारात चालणारा अशुद्ध शब्द वापरायचा आणि म्हणायचा, लोकांना कळलं नाही त्यापेक्षा व्याकरणवाल्यांनी आम्हाला नावं ठेवलेली बरी.

26 सप्टेंबर 426 ला म्हाताऱ्या ऑगस्टीननं आपल्यामागं एराक्लियस बिशप व्हावा असं मंडळीला सांगितलं. लघुलेखक बसलेलेच होते. तो लोकांना म्हणाला, बघा, मी बोलतो तेही लिहिलं जातंय आणि तुम्ही म्हणता तेही. माझा शब्द आणि तुमचा घोष, दोन्ही जमिनीवर पडून वाया जात नाहीत. आणि खरंच, त्या कागदात लोकांचा घोष आहे, तोही मोजून. देवाला धन्यवाद, ख्रिस्ताची स्तुती असो: तेवीस वेळा. हे ख्रिस्ता, ऐक, ऑगस्टीनला आयुष्य दे: सोळा वेळा. तूच आमचा बाप, तूच आमचा बिशप: आठ वेळा.

तेवीस वेळा म्हणजे कुणीतरी गर्दीच्या गोंगाटात एकेक रेघ मारत बसला होता. माझ्या मागच्या बाकावरच्या आजोबांचं "व्हय" मी एकदाही मोजलं नव्हतं, आणि हा अनोळखी माणूस सोळाशे वर्षांपूर्वी प्रत्येक आरोळीला रेघ मारत होता. त्या रात्री मला झोप आली नाही. ऑगस्टीनची शेकडो प्रवचनं अशाच हातांनी वाचवली. अजूनही सापडतात ती. 1990 साली फ्रान्स्वा दोल्बो या अभ्यासकाला जर्मनीतल्या माइन्झच्या ग्रंथालयात, पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात, 26 प्रवचनं मिळाली. त्यांतली काही तर कुणाला ठाऊकच नव्हती.

नंतरची काही शतकं मी भराभर ओलांडते, कारण तिथं माझ्या कामाचं फारसं काही मिळालं नाही. लॅटिन देवळात राहिली आणि लोकांची बोली दूर निघून गेली. 813 साली फ्रान्समधल्या तूर इथं धर्माध्यक्षांची परिषद भरली. प्रत्येकानं प्रवचन लोकांच्या गावंढळ रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत भाषांतर करून सांगावं, म्हणजे सगळ्यांना सहज कळेल, असं तिनं ठरवलं. म्हणजे ऐकणाऱ्याला कळत नाही, हे मान्य करावं लागलं. 813 हे साल लक्षात ठेवा. मला त्याच्याकडं परत यायचंय.

आता सिएनाचा बेनेदेत्तो. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत लाडका माणूस हाच. इटलीतलं सिएना, साल 1427. बर्नार्दिनो नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी भल्या पहाटे शहराच्या मोठ्या चौकात, कांपोमध्ये, बोलायचा, कारण दुकानं उघडायच्या आत बोलणं संपलं पाहिजे. ऑगस्टच्या मध्यापासून त्यानं 45 प्रवचनं केली. त्या गर्दीत बेनेदेत्तो होता. धंदा कापडाचे तंतू कातरून ते साफ करण्याचा. बायको, बरीच मुलंबाळं, पैसा बेताचा. तो मेणाच्या पाट्या आणि टोकदार लेखणी घेऊन बसायचा, स्वतःच्या खुणांनी सगळं टिपून घ्यायचा, आणि प्रवचन संपलं की दुकानात जाऊन, धंद्याला हात लावण्याआधी, पाट्यांवरचं सगळं कागदावर उतरवायचा. मग मेण सारखं करून दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकात हजर.

त्यानं काहीही गाळलं नाही. कारंज्याशी सौदा करत उभ्या असलेल्या लोकांवर बर्नार्दिनो ओरडतो, बाजार करायचा तर दुसरीकडं जा, ते आहे. झोपलेल्या बायकांना उठवणं आहे. पूर्वीच्या उपदेशकांची प्रवचनं नंतर लॅटिनमध्ये नीटनेटकी करून ठेवलेली मिळतात. बर्नार्दिनोनं स्वतःही तशी लॅटिन प्रवचनं लिहिली, ती विद्वत्तेनं भरलेली आहेत. पण माणूस भेटतो तो बेनेदेत्तोच्या पाट्यांतून. मी त्या पाळकसाहेबांच्या मुलीला जे देऊ शकले नाही, ते या कापड कातरणाऱ्यानं सिएनाला देऊन ठेवलं.

पुढं जिनीव्हात कॅल्विन हा प्रोटेस्टंट धर्मसुधारक हातात टिपण न घेता बोलायचा. 1549 पासून दनी रागेनिए नावाच्या फ्रेंच निर्वासिताला हे संदेश उतरवून घ्यायला पगारावर ठेवलं होतं. त्यानं स्वतःची लघुलिपी बसवली होती आणि मरेपर्यंत तो लिहीत राहिला. त्याच्या हातचे खंडच्या खंड जिनीव्हाच्या ग्रंथालयात होते. 1805 च्या सुमारास ग्रंथालयानं त्यांतले बहुतेक वजनावर रद्दीच्या भावानं विकून टाकले. काही पुढं परत मिळाले, बाकीचे गेले. हे मी एकदाच वाचलं, दुसऱ्यांदा वाचवेना. इंग्लंडात 1588 साली टिमोथी ब्राइटनं लघुलिपीचं पुस्तक काढलं आणि पुढच्या शंभर वर्षांत तिथं लघुलेखन वाढलं ते पुष्कळसं देवळात संदेश उतरवून घेणाऱ्यांच्या हातांनी. मी कचेरीसाठी जी विद्या शिकले आणि मग देवळात नेली, ती मुळात देवळातही वाढलेली होती.

आपल्याकडं पहिल्यांदा कान दिला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. इंग्लंडातला हा जेझुइट संघाचा पाद्री 1579 साली गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तिथंच राहिला. त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं. जवळपास 11 हजार ओव्या. त्याची सुरुवातच एका ऐकणाऱ्याच्या प्रश्नानं होते. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला म्हणतो, आमची जुनी पुराणं तर बंद झाली, मग त्यांच्या जागी आम्हाला ऐकायला दुसरं पुराण का देत नाही? ख्रिस्तपुराण हे त्या मागणीचं उत्तर आहे. ज्या कानांना ओवीची सवय आहे त्यांना ओवीतच सांगितलं पाहिजे, हे या परदेशी माणसाला पटलं. फुलांत जशी मोगरी तशी भाषांत मराठी, हे त्यांनी नुसतं कौतुक म्हणून लिहिलं असं मला वाटत नाही. ज्याला एका भाषेत रोज माणसांपुढं उभं राहायचं आहे त्याचं ते प्रेम आहे. देवळांतून ते पुराण मोठ्यानं वाचलं जाई, लोक बसून ऐकत. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. कानांवरच बंदी. त्या पुराणाच्या पहिल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. ते टिकलं ते हाती केलेल्या नकलांमुळं, विशेषतः कर्नाटकाकडं गेलेल्या ख्रिस्ती घरांत जपलेल्या प्रतींमुळं, आणि त्यांवरून 1907 साली मंगळूरला पुन्हा छापलं गेलं. इथंही नक्कल करणारे हात, आणि इथंही बहुतेकांना नाव नाही.

एक माणूस इथं आठवल्याशिवाय राहवत नाही. वसईचा गोन्सालो गार्सिया. तो पुरोहित नव्हता, साधा बंधू होता. पण जपानी अस्खलित बोलायचा म्हणून फ्रान्सिस्कनांचा दुभाषा होऊन जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला. दुसऱ्याचा शब्द तिसऱ्याच्या कानापर्यंत नेणाऱ्यांत आपल्या वसईचाही एक आहे.

आता 813 कडं येते. तूरच्या परिषदेनंतर बरोबर हजार वर्षांनी, फेब्रुवारी 1813 मध्ये, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. ते राहिले, मराठी शिकले आणि रस्त्यावर, हिंदू देवळांच्या आवारात, जिथं माणसं जमतील तिथं मराठीत बोलायला लागले. आमच्या नगरची मंडळी याच अमेरिकन मराठी मिशनचं झाड. हॉल 1826 साली नाशिककडच्या फेरीवरून परतताना पटकीनं गेले. या माणसांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण त्या काळची बाजारातली भाषणं वाचताना मला त्रासही होतो. समोरच्याच्या देवाला, आईबापांच्या रीतीला उघड नावं ठेवायची आणि मग त्यानं ऐकावं अशी अपेक्षा करायची. त्यात सांगणं आहे, ऐकणं नाही. उत्तरं आलीच. 1831 साली मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन या मिशनऱ्याशी वाद घालून पुस्तक लिहिलं. 1857 मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर चर्चा करत, शेकडो माणसं वाळूवर बसून ऐकत. त्या चर्चा पुढं इंग्रजीत आणि मराठीत छापल्या गेल्या. मला त्या पुस्तकांची ओढ यासाठी वाटते की तिथं विरोधकाचं बोलणंही कागदावर आलं. व्यासपीठ एकाचंच राहिलं नाही.

आणि मग नगरनं एक गोष्ट केली, जिचा मला मनापासून अभिमान आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनात आणली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, तबला, पेटी. पुढं ना. वा. टिळकांनी या गाण्यांना असा मराठी प्राण दिला की आज उपासना संगीतातून त्यांची पदं काढली तर आमचा रविवार मुका होईल. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो, असं ते म्हणत. कीर्तनात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं की ऐकणाऱ्याची जागा तिथं आधीच ठरलेली असते. बुवा चरण म्हणतात, ध्रुपद लोकांनी उचलायचं. लोकांनी उचललं नाही तर कीर्तन पुढं सरकतच नाही. माझ्या मागच्या आजोबांचं "व्हय" म्हणजे ध्रुपदच होतं. पदं छापली गेली. त्यांच्यामध्ये कीर्तनकार जे बोलले, लोक जिथं हसले, रडले, ते विरून गेलं.

पंडिता रमाबाईंचेही कान पुराणावरच घडले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे, देवळांत आणि घाटांवर पुराण सांगे. त्यावर पोट चाले. लहानपणापासून त्या लोकांसमोर बसून मोठ्यानं सांगत आल्या होत्या. संस्कृतनं जड झालेलं बायबल केडगावच्या मुक्ती या त्यांच्या आश्रमातल्या बायकांना कळत नाही, हे त्यांना दिसलं तेव्हा त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 साली काम पुरं करून त्या गेल्या. ते छापलं गेलं तिथल्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी.

हे सगळं मी इतकं शोधत बसले त्याचं कारण आता लिहिते. माझी आजी बायबल बाई होती.

नऊवारी, डोईवर पदर, काखेत कापडात गुंडाळलेलं शुभवर्तमान. शेवगावकडच्या वाड्यावस्त्यांवर ती पायी जायची. देवळात तिला कधी व्यासपीठ मिळालं नाही, तिनं मागितलंही नसेल. ती बोलायची ओट्यावर, खळ्यात, विहिरीपाशी, जात्याशेजारी बसून. मिशनच्या अहवालांत बायबल बायकांचा आकडा असतो. त्या काय बोलल्या ते नसतं. तिच्याजवळ ना बेनेदेत्तो होता, ना सुंदर हस्ताक्षराची मुलगी. मी लिहायला शिकले तोवर ती गेली होती.

मागच्या दिवाळीत मी आत्याकडं गेले. तिला ऐंशीच्या वर वर्षं झालीत. लहानपणी ती आजीचा हात धरून वस्त्यांवर जायची. मी वही काढली आणि म्हटलं, आजीचं एक तरी बोलणं सांग, जसंच्या तसं.

आत्यानं डोळे मिटले. म्हणाली, हरवलेल्या नाण्याची गोष्ट. लूकच्या पंधराव्या अध्यायातली, दहा नाण्यांतलं एक हरवतं, ती बाई दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. "पण आई नाणं म्हणायची नाही. त्या बायांकडं कुठली नाणी? आई म्हणायची, डोरल्यातला मणी. सारवलेल्या भुईत मणी गेला की कसा दिसंल? अंधार, दिव्याला तेल कमी. मग एक बाई विचारायची, घावला का? आई म्हणायची, थांब, अजून उतरंडीमागं बघितलं न्हाई."

मी लिहीत होते. घावला का, असं किती वेळा विचारायच्या? आत्या म्हणाली, लई वेळा. प्रत्येक वेळी निराळी बाई. मी समासात रेघा मारल्या.

"एकदा एका वस्तीवर असंच चाललं होतं. एक बाई कडंला बसली होती, सुपात काही निवडत. ती एकदम म्हणाली, माझी पोर गेली पटकीत, ती कुणी शोधायची?"

आत्या थांबली. मीही पेन्सिल उचलली नाही, कागदावरच टेकवून ठेवली.

"मग आजी काय म्हणाली?"

"ते नाही आठवत." आत्यानं बराच वेळ विचार केला. "आईनं पुस्तक कापडात गुंडाळलं, एवढं बघितलं मी. मग उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि सुपातलं निवडू लागली. बोललीच नसंल काही. बाकीच्या बायापण आल्या, सगळ्या सुपाभोवती बसल्या. अंधार पडला तरी आम्ही तिथंच."

त्या बाईचं वाक्य मी लघुलिपीत घेतलं नाही, पूर्ण अक्षरांत लिहिलं. खाली आजीचं नाव लिहिलं आणि पुढं दोन ओळी मोकळ्या सोडल्या. मग सुपात काय निवडत होती ती, हे विचारलं.

"हुलगे," आत्या लगेच म्हणाली.

तेही लिहिलं.